पळणी, तिरुचेंदूर, तिरुप्परनकुंद्रम: खंडोबाच्या माणसांनी केलेली मुरुगनची यात्रा

कार्तिकस्वामी म्हटलं की आपल्याला पुण्याची पर्वती आठवते. बायकांनी दर्शन घ्यायचं ते कार्तिक पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असतानाच, हा दंडकही आठवतो. आपल्या लेखी तो ब्रह्मचारी, रुसून दक्षिणेला निघून गेलेला देव. तिकडे तामिळनाडूत मात्र तो दोन बायकांचा संसारी मुरुगन आहे आणि बायका डोक्यावर दुधाच्या घागरी घेऊन त्याच्या अभिषेकाला जातात. आमचं कुलदैवत खंडोबा. मला तर मुरुगन आपल्या कार्तिकस्वामीपेक्षा खंडोबाच्याच जवळचा वाटला.

मुरुगनची मुख्य ठाणी ६. आम्ही त्यांतली ३ केली, तीही कथेच्या क्रमाने: आधी रुसवा, मग युद्ध, मग लग्न. हा क्रम प्रवासालाही सोयीचा पडतो. कोइंबतूरला उतरून पळणी गाठायची. तिथून मदुराईमार्गे तिरुचेंदूरला जाणारी पालक्काड–तिरुचेंदूर गाडी मिळते. येताना मदुराईला थांबायचं.

पळणीची कथा आपल्या ओळखीची आहे. गणपतीने आईबापांना प्रदक्षिणा घालून फळ मिळवलं आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला धाकटा सगळं सोडून या डोंगरावर येऊन बसला. म्हणून इथे तो लंगोटी नेसलेला, हाती दंड घेतलेला संन्यासी: दंडायुधपाणी. मूर्ती नऊ द्रव्यांच्या मिश्रणातून भोगर या सिद्धांनी घडवली असं मानतात; त्यांची समाधीही मंदिरातच आहे. सायंकाळच्या पूजेला मात्र याच संन्याशाला राजाचा वेष चढवतात. शक्य असेल तर दोन्ही रूपं पाहा. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं पाहिलं, तेव्हाच मला हा देव थोडाफार कळला.

पायऱ्या ६९३. चपला खालीच सोडायच्या असल्याने ऊन चढायच्या आत निघा, नंतर दगड पोळतो. पायऱ्या झेपत नसतील तर हत्तीची वाट म्हणतात ती चढण सौम्य आहे. शिवाय रुळांवरून ओढली जाणारी विंच गाडी आहे आणि रोपवेही आहे. रोपवे दरवर्षी दुरुस्तीसाठी काही दिवस बंद असतो, तेव्हा ज्येष्ठांना नेणार असाल तर आधी चौकशी करा. वर मोबाइल नेता येत नाही, तो खाली जमा करावा लागतो. वाटेत इडुंबनचं देऊळ चुकवू नका. खांद्यावरच्या काठीला दोन टेकड्या बांधून नेणारा हा असुर मुरुगनशी लढून पडला, पुन्हा जिवंत झाला आणि त्याचा द्वारपाल बनला. भक्त कावडी वाहतात त्या त्याच्याच आठवणीने. प्रसादाचं पंचामृत आपल्यासारखं पातळ नसतं. केळी, गूळ, तूप, मध यांचा तो दाट गोळा असतो. त्याला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तिरुचेंदूर अगदी समुद्राला लागून आहे. समुद्रस्नान करून, मग जवळच्या नाळीक्किणरू या विहिरीच्या गोड पाण्याने अंग धुऊन दर्शनाला जातात. पुरुषांना शर्ट काढूनच आत जावं लागतं. उपरणं जवळ ठेवा. विभूती पन्नीर झाडाच्या पानात देतात.

युद्ध झालं ते इथे. पार्वतीने दिलेला वेल, म्हणजे भाला, हे मुरुगनचं खरं चिन्ह. लांब दांडा, रुंद पातं आणि तीक्ष्ण टोक, तसंच ज्ञान खोल, विशाल आणि धारदार असावं, असा त्याचा अर्थ सांगतात. समुद्रात आंब्याचं झाड होऊन लपलेल्या सूरपद्म या असुराला या भाल्याने चिरलं, तेव्हा एका भागाचा मोर झाला, दुसऱ्याचा कोंबडा. मोर वाहन झाला, कोंबडा ध्वजावर गेला. शत्रू संपला नाही, देवाच्या पदरी आला. इथे मला जेजुरीच्या पायऱ्यांवरचा मणी दैत्य दिसू लागला. त्यानेही हरल्यावर आपला घोडा देवाला दिला आणि देवाजवळ जागा मागून घेतली. कंदषष्ठीचा उत्सव कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत ६ दिवसांचा. आपलं चंपाषष्ठीचं षड्रात्र बरोबर पुढच्या महिन्यात, त्याच तिथींना. मुरुगनची देवयानै इंद्राची लेक आणि वळ्ळी डोंगरातल्या शिकाऱ्यांची, तशीच आपली म्हाळसा आणि बाणाई. हे साम्य योगायोगाचं आहे असं मला वाटत नाही.

सूरसंहाराचा देखावा किनाऱ्यावर होतो आणि गर्दी अफाट असते. लहान मुलं बरोबर असतील तर ते ६ दिवस टाळा. पळणीला तैपूसम आणि पंगुनी उत्तिरम या उत्सवांच्या वेळी हेच लागू.

तिरुप्परनकुंद्रम मदुराईपासून ८ किलोमीटरवर. युद्धानंतर इंद्राने मुलगी दिली ती इथे, म्हणून देव बसलेला आणि शेजारी देवयानै. मूर्ती डोंगराच्या खडकातच कोरलेली असल्याने अभिषेक तिला नाही, वेलाला होतो. तो वेळ साधून जा. दुपारी मंदिर बंद असतं, म्हणून सकाळीच इथे यावं आणि दुपारनंतरचा वेळ मदुराईच्याच दुसऱ्या बाजूच्या पळमुदिरचोलैला, म्हणजे सहांतल्याच आणखी एका ठाण्याला द्यावा. तिथे वळ्ळी आणि देवयानै दोघीही देवाच्या बाजूला आहेत.