१२:४७ ची आजी

परवा दुपारी जेवण झाल्यावर जरा आडवं व्हायचं सोडून लॅपटॉप घेऊन बसले, कारण मामेभावानं मावशीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून यूट्यूबवर टाकली आणि लिंक ग्रुपवर पाठवली. तीन तासांचं लग्न. मला त्यातली फक्त आजी हवी होती. दारातच मांडव, हॅलोजन घेऊन व्हिडिओवाला तिच्यासमोर उभा राहिला, तिला वाटलं फोटो काढतायत, म्हणून पदर सारखा करून ताठ बसली. बसलीच. तो काही हलेना, तशी तिनं शेजारणीला काहीतरी विचारलं आणि फिस्सकन हसली. सेकंदभर असेल नसेल. १२:४७.

आता खालची पट्टी ओढून तिथे पोचून दाखवा. तीन तासांचे झाले १०,८०० सेकंद, पट्टी हजारेक पिक्सेलची, म्हणजे बोट एका पिक्सेलनं हललं तरी अकरा सेकंद गेले. एकदा भटजी, एकदा पंगत, परत भटजी.

मग भावाकडून फाइलच मागवली. तर ४७ ला सोडलं की प्लेअर आपला ४१ ला जाऊन बसतो. व्हिडिओचंच काम करते त्यामुळे कारण माहितीये, तरी चिडचीड व्हायची ती होतेच. अख्खं चित्र मधूनमधून एखादंच असतं, कीफ्रेम, बाकीची सगळी म्हणजे आधीच्यापेक्षा काय बदललं त्याचे नुसते हिशेब. ४७ दाखवायचं तर ४१ पासून दीडशे फ्रेम्सचा हिशेब करत यायला लागतो, घाईतला प्लेअर ते करत नाही. एक्स२६४ ला, म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करणाऱ्या प्रोग्रामला, काही सांगितलं नाही तर तो २५० फ्रेम्सपर्यंत नवी कीफ्रेम न घालता ढकलतो, म्हणजे आपल्याकडच्या सेकंदाला २५ फ्रेम्सच्या हिशेबानं दहा सेकंद. सीन बदलला तर मात्र लगेच घालतो. म्हणजे कट मारून जिलबीच्या ताटावर गेले की ताटाला अख्खी फ्रेम, आणि आजी गुणी बाळासारखी हललीच नाही म्हणून तिच्या वाट्याला नुसते हिशेब!

बाबांच्या टेपला तीन आकडी काउंटर होता. वहीत लिहिलेलं असायचं, बी साइड, १४७, आणि पुढे गाण्याची ओळ. कॅसेट पूर्ण मागे नेऊन काउंटर शून्यावर आणला तरच तो आकडा खरा, आणि मला ते छोटं काळं बटण दाबून तिन्ही शून्यं एकदम आलेली बघायला इतकं आवडायचं की गाणं चालू असताना मधेच दाबायचे. मग बाबा १४७ गाठून प्ले करायचे आणि भलत्याच गाण्याचं शेवटचं कडवं. ते कधी रागावले नाहीत असं लिहिणार होते, पण एक धपाटा अजून आठवतोय.

शेवटी परत लिंकवर. तिथे पॉज करून पूर्णविराम दाबला की एक फ्रेम पुढे, स्वल्पविराम दाबला की एक मागे. (आमच्या व्याकरणाच्या बाईंना सांगायला पाहिजे.) सापडली. हसू नुकतंच सुटतंय, फक्त तोंडाकडे चाललेला हात फणीनं विंचरल्यासारखा रेघारेघांचा, कारण जुन्या टेपच्या एकेका फ्रेममध्ये दोन क्षण एकाआड एक ओळीत विणलेले असतात आणि डिजिटल करणाऱ्यानं ते काही सोडवलं नव्हतं. स्क्रीनशॉट काढून आईला पाठवला.

निळ्या टिका आल्या. बराच वेळ नुसतं टायपिंग. मग, 'मागे तो आपला तांब्याचा बंब ना गं? मोडीत कोणी घातला तो?'

आता मामाला फोन चाललाय.