कॉमन मीटर अजून बिल्डरच्याच नावावर

मागच्या वार्षिक सभेला मी उशिरा पोचलो आणि शिक्षा म्हणून सेक्रेटरी झालो. कोथरूडमधली आमची सोसायटी चोवीस फ्लॅटची. लिफ्ट, दोन पंप आणि जिन्यातले दिवे मिळून कॉमन मीटरचं बिल महिन्याला बारा-तेरा हजार. गच्चीवर सोलर बसवायचं तीन वर्षं नुसतंच घोळत होतं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. १० किलोवॅटला १,८०,००० सुटणार म्हटल्यावर भराभर हात वर झाले.

पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला आणि नाव आलं बिल्डरचं! इमारत १९९८ची. इतकी वर्षं आम्ही इमानेइतबारे त्याच्या नावाचं बिल भरत होतो आणि कुणी वरची ओळ वाचलीच नव्हती. मीसुद्धा नाही. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, कमिटीचा ठराव, जुनी बिलं असं सगळं गोळा केलं. बिल्डर फोन उचलेना, ऑफिसही हललेलं. नाव बदलायला दोन महिने गेले. पॅनल बसायला चार दिवस लागले, त्यामुळे खरं काम कुठलं ते तुम्हीच ठरवा.

गच्चीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर जागा धरतात. आमच्याकडे जागा होती, पण मधोमध पाण्याची टाकी. तिची सावली दुपारी तीननंतर पूर्वेला सरकते, आणि एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच्यासोबत जोडलेल्या रांगेचं उत्पादन घटू शकतं. म्हणून एक पूर्ण रविवार मी खडू घेऊन दर तासाला सावलीच्या कडा आखत बसलो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वेगळीच काळजी. "आणि माझ्या कुरडया?" शेवटी सांगाडा सात फूट उंच घेतला. खर्च वाढला, पण एक भांडण वाचलं.

त्यातच ठेकेदाराच्या पोरांनी स्लॅबला ड्रिल लावलं. आदल्याच वर्षी वर्गणी काढून वॉटरप्रूफिंग केलेलं! मी चपला न घालताच वर धावलो. दोन भोकं पडली होती. ती बुजवून घेतली आणि सांगाड्याचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे केले. कोटेशन घेताना हे लिहूनच घ्या. अनुदानासाठी पॅनल भारतात बनवलेलेच लागतात, तेही तपासा.

मग तपासणी झाली, नेट मीटर बसला. आता दिवसाचं जास्तीचं उत्पादन महावितरणच्या जाळ्यात जातं, रात्री लिफ्टला लागेल ते आपण घेतो, आणि फरकाचं बिल येतं. स्थिर आकार राहतोच, त्यामुळे 'शून्य बिल' म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे हसून बघावं. उन्हाळ्यात रोज चाळीसेक युनिट मिळाले, पावसाळ्यात काही दिवस निम्मेही नाहीत. समोर बांधकाम चालू असल्यामुळे पंधरा दिवसांनी पॅनल धुवावे लागतात, तेही सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. आता मिळकतकराच्या सवलतीचा अर्ज करायचाय, त्याची फाईल उघडायला अजून हात धजावत नाही.

परवा गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली. अकराचं लख्ख ऊन, आणि लिफ्ट बंद. काकू भाजीच्या पिशव्या घेऊन खाली उभ्या. "सोलर आहे ना आपलं?" मी समजावलं की बाहेरची वीज गेली की पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारा आपला इन्व्हर्टरही आपोआप बंद पडतो. नाहीतर आपली वीज तारेत शिरेल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला शॉक बसेल. बॅटरी आपण घेतली नाही.

काकूंनी वर आभाळाकडे बघितलं. "म्हणजे आजचं ऊन फुकटच गेलं म्हणा की," असं म्हणून एक पिशवी माझ्या हातात दिली आणि जिना चढू लागल्या.