काळ्या चेंडूचा हिशोब, वही नंबर २

मागच्या वेळी सांगितलं होतं की मोबाईलवरच्या गोल्फच्या गेममधी फुकटचा चेंडू सोडून आता विकतच्या चेंडूवर खेळायलोय आणि कोणता चेंडू किती हिट टिकतो ते लिहून ठेवायलोय, तर ती वही आता भरत आली. दुकानातलीच जुनी उधारीची वही आहे, पुढून युरिया-डीएपी आणि मागून गोल्फ. परवा काकांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, चुकून मागची पानं उघडली अन् म्हणले, "हा काळा कोन रे, तेरा वेळा बुडाला मनून लिवलंय?" म्हणलं काका चेंडू आहे तो, मोबाईलमधला. काहीच बोलले नाहीत, चष्मा काढून ठेवला नुसता.

नवीन आलेल्यांसाठी आधी चेंडू सांगतो. पांढरा फुकट, कधीच संपत नाही, पण फटक्याचा मीटर, म्हणजे नेमक्या जागी बोट टेकवून थांबवायचा तो, असा पळतो की बोट टेकवेपर्यंत पुढं गेलेला असतो आणि चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, पडला की थांबायचं नाव नाही. पिवळा ६० नाण्यांचा, ३० हिट टिकतो. काळा १५० नाण्यांचा, १०० हिट. ५०० नाणी मला ८९ रुपयाला पडतात. पिवळ्या-काळ्यात मीटर जवळपास सारखाच हळू, काळा ग्रीनवर जरा जास्त चिकटतो एवढंच.

आता कुणीही सांगंल, पिवळा २ नाणी हिट, काळा दीड नाणं हिट, मग काळाच घ्यावा. मी पण तेच केलं. कोरड्या कोर्सवर, म्हणजे पाणी नसलेल्या मैदानावर, ते बरोबरच आहे, १८ होलचा राउंड ७८ हिटचा झाला तर पिवळ्यानं १५६ नाणी, काळ्यानं ११७, म्हणजे राउंडमागं सात रुपये वाचतात, एक कटिंग आरामात. तिथं वाद नाही.

वाद तलावाच्या कोर्सवर आहे. १८ पैकी ५ होलला पाणी, ४, ७, १२, १५ आणि १७. तिथं मी सहा राउंड काळ्यावर खेळलो आणि सहा पिवळ्यावर, मधी बदल नाही. काळ्यावर ४९८ हिट झाले, चेंडू लागले १४. त्यातला पूर्ण १०० हिट खाऊन झिजून मेला एक. एकच! बाकीचे तेरा पाण्यात. २१०० नाणी गेली, म्हणजे हिटमागं दीड नाही तर ४.२ नाणी. पिवळ्यावर ५०४ हिट झाले, चेंडू २३ लागले, त्यातले दहा झिजले अन् तेरा बुडाले, १३८० नाणी, हिटमागं २.७. बुडणारे दोन्हीकडं तेराच बघा, पाण्याला चेंडू महाग का स्वस्त काय कळतंय. मी बुडवतो अडतीसेक हिटमागं एक, आणि पैसे भरायलोय शंभर हिटच्या टिकाऊपणाचे. उरलेले हिट सगळे तळ्यात.

हे डोक्यात आलं ते दुकानात उगवण बघताना. जूनमधी लोक घरचं सोयाबीन घेऊन येतात, पेरू का नको विचारायला, मग शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे अन् पाच-सहा दिवसांनी कोंब मोजायचे, सत्तरच्या वर आले तर खुशाल पेरा. बॅगेवर काय छापलंय ते नंतर, आपल्या हातात किती उगवलं ते आधी. चेंडूच्या डब्यावर "१०० हिट" छापलंय ते पण तसंच, माझ्या हातात ते सरासरी पस्तीसच उगवायलंय. तुमचा हात सरळ असंल तर तुमचा आकडा वेगळा येईल, म्हणून माझा आकडा उचलू नका, स्वतःचे बुडलेले मोजा.

अजून एक गोष्ट मोजल्यावर कळली ती लई डोक्यात गेली. पट, म्हणजे ग्रीनवर होलकडं ढकलायचे हलके फटके, ते पण हिटच धरतात. होलमागं दोन पट धरले तर राउंडला ३६, म्हणजे ७८ मधले जवळपास निम्मे. अर्ध्या फुटावरून नुसता ढकलला तरी एक हिट कमी, अन् तीनशे यार्डाचा ड्राईव्ह हाणला तरी एकच. खऱ्या गोल्फमधी पटरनं चेंडूला ओरखडाही येत नाही, झिजतो तो वेजच्या, म्हणजे चेंडू उंच उडवायच्या काठीच्या, धारेनं, बंकरच्या वाळूनं, नाहीतर झाडावर-रस्त्यावर आपटून. वरचं कव्हर दोन तऱ्हेच्या प्लास्टिकचं असतं, युरेथेनचं असंल तर मऊ, स्पिन जास्त पण ओरखडे लवकर, आणि आयनोमरचं असंल तर टणक, टिकतो पण ग्रीनवर पळतो. गेमवाल्यांनी तो सौदा अर्धाच उचलला, आमचा काळा टिकतोय पण जास्त अन् चिकटतोय पण जास्त, फक्त पैसे मोजा.

आणि गंमत म्हणजे खऱ्या चेंडूच्या इतिहासात झिजलेलाच चेंडू भारी ठरला होता. १८४८ च्या सुमारास पिसं भरलेल्या चामडी चेंडूच्या जागी गटापर्चाचे आले, झाडाच्या चिकाचे, स्वस्त आणि गुळगुळीत, पण नवे कोरे असताना नीट उडायचेच नाहीत. मार खाऊन खड्डे पडले की सरळ जायचे. लोकांच्या हे ध्यानात आल्यावर कारागीर नव्या चेंडूवरच हातोडीनं खुणा पाडायला लागले, आणि १९०५ मधी इंग्लंडमधी विल्यम टेलरनं आजच्यासारख्या खळग्यांचं पेटंट घेतलं. आमच्या गेममधी शेवटच्या हिटपर्यंत चेंडू तस्साच उडतो आणि शंभराव्याला फट्‌दिशी गायब. झिजत नाही तो, मुदत संपते त्याची, औषधाच्या बाटलीसारखी.

असो. तर उपाय काय केला. आपल्या गेममधी होल चालू असताना चेंडू बदलता येत नाही पण प्रत्येक टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, बदलता येतो, हे मला माहीत होतं आणि आळसानं कधी केलं नव्हतं. आता पाण्याच्या पाच होलला पांढरा, बाकी तेराला काळा. पहिल्या राउंडला दोनदा बदलायचं विसरलो, तो राउंड धरला नाही. नंतरचे चार धरले: ८१, ८४, ८२, ८०. आधी काळ्यावर सरासरी ८३ होती, गोल्फमधी हिट जेवढे कमी तेवढं चांगलं, म्हणजे पांढऱ्यानं स्कोअर बिघडला नाही, उलट चेंडू जाईल ही भीती नसल्यामुळं १२ वर मी बिनधास्त ग्रीनवर मारायलोय, आधी घाबरून डावीकडं टाकायचो. त्या चार राउंडात काळ्याचे २२८ हिट झाले. दोन पूर्ण झिजले, एक ११ हिटवर गेला (९ नंबरला हद्दीबाहेर, पाणी नव्हतंच, माझी चूक), चौथा चालू आहे, त्याचे ८३ शिल्लक. तीन संपलेल्यांचे ४५० नाणी भागिले २११, हिटमागं २.१. आधीच्या ४.२ च्या बरोबर निम्मं.

एक नुकसान मात्र वहीत कुठं लिहावं कळंना. पाऊस आला की आमच्याकडं लाईट जाती, लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो, अन् राउंड मधीच तुटला तर स्कोअर जातो पण खाल्लेले हिट परत येत नाहीत. गेल्या आठवड्यात १४ व्या होलवर असताना नेटवर्क गेलं, तोवर काळ्याचे पन्नासेक हिट झाले होते, आयुष्यातला सगळ्यात चांगला राउंड चालू होता मायला. ते हिट वर धरलेले नाहीत, नाहीतर सगळा हिशोब बिघडतो. आता ढग दिसले की पांढराच.

बरं, घरातून अन् दोस्तांकडून विचारतात, ते ऑगस्ट २०२५ च्या कायद्यात तुझा गेम बंद नाही का झाला. नाही बाबा, तो पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमांसाठी. ह्याच्यात जिंकायचं काही नाही, नुसतं चेंडू घ्यायचे आणि तळ्यात टाकायचे.

आता राहिला १७ नंबर. पांढरा तिथं पाण्यात जात नाही पण ग्रीनवरून पलीकडं घसरतो, चारपैकी तीन वेळा दोन हिट फुकट गेले. तिथं एकट्या होलला पिवळा टाकून बघणार आहे, साठचाच आहे, बुडाला तर बुडाला. कुणी १७ वर पिवळ्यानं खेळलं असंल तर किती बुडाले तेवढं सांगा, टीवरून वारा कुठला होता ते पण.