आमची वाटचाल : टँटलमचा जोड आणि आम्ही

टँटलम हा धातू आम्लाला दाद देत नाही, पण तापल्यावर हवेपुढे त्याचा टिकाव लागत नाही, हे टँटलमच्या नळ्या बनवण्याच्या आमच्या धंद्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. उकळत्या हायड्रोक्लोरिक आम्लात वर्षानुवर्षे शाबूत राहणारी नळी ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेली, की ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होऊ लागते. म्हणून आमच्याकडे टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीने धातू वितळवून जोडणे) पहिल्यापासून शुद्ध आरगॉन, म्हणजे धातूशी प्रक्रिया न करणारा वायू, भरलेल्या बंद पेटीतच होते. पत्र्याच्या कडा अॅसिटोनने पुसल्यावर त्यांना उघडा हात लागू द्यायचा नाही आणि जोडावर निळसर झाक दिसली तर तो कापून टाकायचा, हा दंडक आमच्या पहिल्या भागीदारांनी घातला. पेटीही त्यांनीच स्वतः आखून बांधली.

२००० साली कपॅसिटरसाठी (इलेक्ट्रॉनिक उपकरणांत विद्युतभार साठवणारा भाग) टँटलमची मागणी उसळली, जगभर भाव भडकले आणि पत्रा मिळेनासा झाला. जुन्या दराने घेतलेल्या ऑर्डरी आम्ही पदरमोड करून पुऱ्या केल्या. कारखाना त्यात जवळजवळ बुडाला. नेमक्या त्याच वेळी एका स्पर्धकाने उघड्यावर, वेल्डिंगच्या टॉर्चमधून येईल तेवढ्याच आरगॉनवर जोड मारून आमच्याहून कमी दर लावला आणि आमचे बरेचसे ग्राहक तिकडे वळले.

सल्फ्युरिक आम्ल संहत (पाणी उडवून अधिक तीव्र) करणाऱ्या एका कारखान्याचे उत्पादनप्रमुख मात्र थांबले. त्यांनी दोघांकडून जोडाचे नमुने मागवले आणि आमच्या देखत एकेक व्हाइसमध्ये (पकडशेगड्यात) धरून वाकवला. स्पर्धकाचा नमुना जोडाच्या कडेने तडकला. आमचा दुमडून दोन्ही टोके एकमेकांना टेकली, तरी चीर गेली नाही. त्यांनी तिथेच हीटरच्या नळ्यांची ऑर्डर दिली आणि तिच्यावर आम्ही सावरलो. पुढची वर्षे सुरळीत गेली. त्या स्पर्धकाने मात्र पुढे आमच्याच पेटीची रचना उचलली आणि स्वतःची म्हणून माहितीपत्रकात छापली, याचा सल अजून आहे.

नव्याने खरेदी करणाऱ्यांनी जोडाची वाकवून चाचणी मागावीच, शिवाय माल घनतेवरून तपासावा : टँटलमची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १६.६ ग्रॅम, तर दिसायला तसाच असलेल्या नायोबियमची ८.५७. आम्लात बुडालेले टँटलम पोलादाशी विद्युतदृष्ट्या जोडलेले राहू देऊ नये. त्यावर हायड्रोजन सुटतो, धातू तो शोषतो आणि ठिसूळ होतो. प्लॅटिनमचा छोटासा तुकडा टँटलमला जोडला तर हा धोका टळतो, आणि त्याचा खर्च नळी बदलण्यापुढे काहीच नाही. फ्लोराइड तर दशलक्षात काही भाग असले तरी धातू खाते, तेव्हा द्रावणाचे पृथक्करण हाती आल्याशिवाय आम्ही दरपत्रक देत नाही, मग ग्राहकाला कितीही घाई असो.