एदिर्नेच्या मैदानात तेल माखलेले पैलवान

एदिर्ने हे तुर्कस्तानचं युरोपातलं शहर, ग्रीस आणि बल्गेरिया या दोन्ही देशांच्या सीमेजवळचं. बहुतेक प्रवासी मिमार सिनानने बांधलेली सेलिमिये मशीद बघतात, मिरच्यांबरोबर तळलेली कलेजी खातात आणि इस्तंबूलला परततात. मी आले होते कर्कपनारच्या कुस्त्यांसाठी. चौदाव्या शतकापासून त्या चालत आल्याचं मानतात. कुस्ती सुटेना म्हणून झुंजता झुंजताच मेलेल्या दोन सैनिकांची दंतकथा इथे सगळे सांगतात. २०१० साली युनेस्कोने या कुस्त्या आपल्या वारसा यादीत घेतल्या.

सरायइची या कुस्त्यांच्या मैदानाच्या हिरवळीवर एका वेळी कितीतरी जोड्या लागतात. अंगावर फक्त गुडघ्याखालपर्यंत येणारी जाड चामड्याची घट्ट विजार, तिला किस्पेत म्हणतात. दावुल, म्हणजे मोठा ढोल, घुमतो, सनईसारखी झुर्ना कर्कश वाजते, आणि हलगीवर वाढलेल्या माणसाचे पाय आपोआप ठेका धरतात.

तेल लावणं मी अगदी कठड्याला टेकून बघितलं. दोघे पैलवान तांब्यासारख्या चोचीच्या भांड्यातून ऑलिव्हचं तेल अंगावर ओततात, छातीवर, दंडांवर, किस्पेतच्या आतही. पाठीला मात्र आपला हात पोचत नाही. मग ज्याला थोड्या वेळाने आस्मान दाखवायचं, त्याचीच पाठ आधी चोळून द्यायची! एक दांडगा गडी समोरच्याच्या खांद्यांमागे तेल जिरवत होता, इतक्या निगुतीने की मी बघतच राहिले.

जोड लावताना जझगर, म्हणजे पुकारा करणारा, खड्या आवाजात पद्यातून बजावतो: खाली गेलास म्हणून खचू नकोस, वर आलास म्हणून माजू नकोस. मग दोघे हात झुलवत मैदानभर लयीत फिरतात. पकड कशी मिळणार? सगळं निसरडं. शेवटी किस्पेतमध्ये हात घालून धरावं लागतं आणि ते नियमात बसतं. पूर्वी कुस्त्या दोन-दोन दिवस चालत, १९७५ पासून वेळेची मर्यादा आली. सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याकडे सोन्याचा पट्टा कायमचा राहतो.

छोट्या गटात एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा पडला आणि ढसाढसा रडू लागला. जिंकलेल्या पोराने त्याला उठवलं, मिठी मारली. पंचांनी डोक्यावरून हात फिरवला. ‘मर्द रडत नाहीत’ असं काही कुणी म्हटल्यासारखं दिसलं नाही. या मैदानाला तुर्की लोक मर्दांचं मैदान म्हणतात, आणि तिथेच रडायला मुभा आहे, हे मला फार आवडलं. बायका मात्र इथे फक्त प्रेक्षकांत. ते खटकलंच.

परतताना इस्तंबूलच्या बसस्थानकावर दुसरंच मैदान लागलं. लष्करी सेवेला निघालेल्या पोराला मित्र हवेत उडवत होते. झेंडे, दावुल, ‘आमचाच सैनिक सगळ्यात भारी’च्या घोषणा. तुर्कस्तानात ही सेवा पुरुषांना सक्तीची आहे. २०१९ च्या कायद्याने ती बारा महिन्यांवरून सहावर आणली, पैसे भरून ती आणखी कमी करता येते. तरी अनेक घरांत अजूनही ती उरकल्याशिवाय नोकरी-लग्नाचं बोलणं पुढे सरकत नाही. पोरगा हसत होता, पण खाली ठेवल्यावर दर वेळी त्याची नजर आईला शोधत होती. इथे रडायला जागाच नव्हती, ढोल थांबतच नव्हता.

त्याच्या तळव्यावर मेंदीचा लाल गोल होता. तिथे मेंदी नवरीला लावतात, कुर्बानीच्या मेंढ्याला लावतात आणि सैनिकालाही. मला विचाराल तर कर्कपनारचा राकट पैलवान या वीस वर्षांच्या पोरापेक्षा कितीतरी मोकळा आहे. त्याला हरता येतं, सगळ्यांसमोर, आणि संध्याकाळी तो घरी जातो.