दीर्घ री

स्मरणिका समितीच्या पत्रात लिहिलं होतं, 'शालेय दिवसांचं सिंहावलोकन करावं.' सिंह म्हणे थोडं चालून गेला की मान वळवून मागे बघतो. मी आयुष्यभर सहकारी संस्थांची दप्तरं तपासली. सिंहाशी माझं नातं एवढंच की दारात मला पाहिलं की संस्थेचे सचिव तसे दचकायचे. तेव्हा सिंहावलोकन दुसऱ्या कुणीतरी करावं. मी पाहण्याच्याच दुसऱ्या एका शब्दाबद्दल लिहितो. तो मला याच शाळेत, एका शनिवारी सकाळी मिळाला.

१९८६ साल, नववी ब. मराठीच्या बाई शनिवारी शुद्धलेखन घालायच्या, दहा ओळी. त्या दिवशी म्हणाल्या, "आज आपापली वही आपणच तपासायची. फळ्यावर उतारा लिहिते, त्यावरून बघा. आणि वर शीर्षक घाला, आत्मपरीक्षण." शब्द त्यांनी फक्त उच्चारला, लिहून दिला नाही. वर्गात आनंदीआनंद. मी शेजाऱ्याचं लाल पेन घेतलं. त्याआधी निळ्या पेनानं दोन वेलांट्या हळूच नीट करून घेतल्या होत्या. दहापैकी दहा. त्याभोवती ऐटीत गोल.

बाईंनी वही पाहिली आणि पेन्सिलीनं आणखी एक गोल काढला, शीर्षकाभोवती. मी लिहिलं होतं 'आत्मपरिक्षण'.

"शब्दाचा डोळाच फोडलास की रे," म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. परि म्हणजे सभोवार, ईक्षण म्हणजे पाहणं. ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई एकत्र आल्या की दीर्घच राहते, म्हणून परीक्षण, म्हणूनच परीक्षा. मग फळा भरत गेला. निर् अधिक ईक्षण. सम् अधिक ईक्षा. प्रति अधिक ईक्षा. अप आणि उप लावून अपेक्षा आणि उपेक्षा. "या दोघी सख्ख्या बहिणी," बाई म्हणाल्या. आम्ही हसलो. तेव्हा हसण्यापुरतंच कळलं होतं.

त्याच वर्षी त्यांनी 'वृक्षवल्ली' शिकवला. 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणासी ॥' यात आत्मन् कुठे आहे, शोधा म्हणाल्या. कुणाला सापडेना. संस्कृतात आत्मन्, प्राकृतात अप्प, आणि झिजत झिजत मराठीत आपण. म्हणजे एका चरणात दोनदा! पण त्या रेंगाळल्या 'वाद'वर. "नुसता संवाद केलास तर मन तुझ्याच बाजूनं बोलेल. म्हणून पुढं वाद आहे."

पुढे नोकरीही परीक्षणाचीच लागली, लेखापरीक्षणाची. तिथला पहिला धडा असा की ज्याचा हिशेब त्यानं तपासायचा नाही. तपासणी झाली की संस्थेला वर्ग मिळतो, अ ते ड. मग सहकार कायद्याच्या कलम ८२ खाली दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, नुसतं चूक कबूल करून सुटका नाही. आत्मपरीक्षणात हिशेब आपला, तपासनीस आपण, अहवाल मागणारं कुणी नाही. सगळ्यांना अ वर्ग मिळतो त्यात नवल काय?

आणखी एक गंमत. या शब्दाच्या पोटात 'आत्म' आहे, पण तो आपण कायम दुसऱ्यासाठी वापरतो. निवडणुकीच्या निकालानंतरचा कुठलाही पेपर उघडा. अमक्या पक्षानं आत्मपरीक्षण करावं. करावं, करा, कर. 'मी केलं' असं म्हणणारा विरळा. मीही काही वेगळा नव्हे. नोकरीच्या सुरुवातीला एका अहवालात 'संचालक मंडळाने आत्मपरीक्षण करावे' असा दणदणीत शेरा मारला होता. साहेबांनी ते वाक्य उभं कापलं. "आकडा लिहा. थकबाकी किती, तारण कुठं कमी पडतंय." पुढे मुलाला मार्क कमी पडले तेव्हा त्यालाही तेच सुनावलं. तो निरागसपणे म्हणाला, "म्हणजे नक्की काय करू, बाबा?" मला सांगता आलं नाही. माझी आजी म्हणायची, "छातीवर हात ठेव आणि सांग." त्यात निदान हात कुठे ठेवायचा ते तरी कळायचं.

त्या शनिवारचं थोडं राहिलं. बाईंनी माझे मार्क कापले नाहीत. वही पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तूच बघ किती द्यायचे ते." मी दहा खोडून नऊ केले. त्या बाकाशेजारून हलेनात. पेन टेकवून मी बराच वेळ नुसता बसलो. मग नऊ खोडून सात केले. तेव्हा कुठे त्यांनी खाली सही केली.