चीनमधून मॅग्नेट आणताना: माझा अनुभव

चाकणला आमचा इलेक्ट्रिक दुचाकींच्या मोटारींचा छोटा कारखाना आहे. परचेस मी बघतो. निओडिमियमचे मॅग्नेट आम्ही चीनमधूनच मागवतो. ॲडव्हान्स पाठवला की माल न्हावाशेव्याला लागायचा, त्यात कधी अडचण आली नव्हती. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ मृदा (रेअर अर्थ) धातूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं आणि सप्लायरचा निरोप आला, "परवान्याशिवाय कस्टम्स माल सोडणार नाही."

या सातांत डिस्प्रोशियम आणि टर्बियम आहेत. मोटार तापली तरी मॅग्नेटचा जोर टिकावा म्हणून ते थोडे मिसळतात. आमच्या मोठ्या मोटारीचं त्यांच्यावाचून चालत नाही.

सुरुवातीला मला हा भाव वाढवायचा बहाणा वाटला. मग १ डिसेंबर २०२० पासून लागू असलेला त्यांचा निर्यात-नियंत्रण कायदा नीट वाचला. परवान्याचा अर्ज तिथला विक्रेता करतो, तो शेवटी बीजिंगच्या वाणिज्य मंत्रालयाकडे जातो. छाननीला ४५ कामाचे दिवस धरलेले आहेत. आपण द्यायचं ते अंतिम वापराचं हमीपत्र.

माझं पहिलं हमीपत्र परत आलं. 'वाहनाच्या मोटारीसाठी' एवढंच लिहिलं होतं. कुठलं मॉडेल, मोटारीत मॅग्नेट कुठे बसतो, मोटार कोण विकत घेणार, सगळं हवं होतं. शिवाय लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि शिक्क्यावर 'प्रा. लि.'! तिकडे सहीपेक्षा कंपनीच्या गोल लाल शिक्क्याला वजन, त्यामुळे एवढा फरकही चालत नाही. त्याच संध्याकाळी नवा शिक्का करून आणला. भारत आणि चीन यांच्यात अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात थेट मानला जाणारा दाखला) चालत नाही, म्हणून कागद परराष्ट्र मंत्रालय आणि तिथून चिनी दूतावास असा फिरला. तोवर छोट्या मोटारीला डिस्प्रोशियम नसलेला मॅग्नेट बसवून लाइन चालू ठेवली.

माल आला तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या युनिटचे भाऊ आले. "अण्णा, चाळीस किलो उसने द्या, माझे आले की परत करतो." तांब्याची तार, बेअरिंग आम्ही असंच देतो-घेतो. पण परवानगीशिवाय तिसऱ्याला देणार नाही, असं मी सही करून लिहून दिलं होतं. नाही म्हणताना फार जड गेलं. त्यांना ते कलम दाखवलं. मग माझ्या हमीपत्राची झेरॉक्स काढून, कुठे काय लिहायचं त्यावर पेनने खुणा करून त्यांच्या हातात दिली.